आष्टीची लढाई आणि सेनापती बापू गोखले

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाच्या अभ्यासात खडकी (५ नोव्हेंबर १८१७) व कोरेगाव (१ जानेवारी १८१८) येथील लढायांना अधिक स्थान मिळते. तथापि पेशवाईच्या अस्तास निर्णायक वळण देणारी लढाई २० फेब्रुवारी १८१८ रोजी सोलापूर जिल्ह्यात, वेळापूरच्या पूर्वेस असलेल्या आष्टी येथे झाली.

पाठलागावर असलेल्या जनरल स्मिथच्या घोडदळाने पेशव्यांचा तळ अनपेक्षितपणे गाठला. दुसऱ्या बाजीरावास निसटण्यास अवधी मिळावा म्हणून बापू गोखले आपल्या स्वारांनिशी इंग्रजांवर तुटून पडले आणि लढता लढता धारातीर्थी पडले. स्वतः स्मिथही जखमी झाला. इंग्रजांची हानी अल्प होती. मराठ्यांनी मात्र आपला सेनापती गमावला आणि पेशव्यांच्या छावणीतील छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती आले.

यांपैकी दुसरी हानी राजकीयदृष्ट्या अधिक गंभीर होती. पेशव्यांचा अधिकार तत्त्वतः छत्रपतींच्या नावे चालत असल्याने त्याचा वैधानिक आधारच निखळला. एल्फिन्स्टनने एप्रिल १८१८ मध्ये प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसविले. त्यामुळे सरदारांना पेशव्यांची बाजू सोडणे सुकर झाले. मे महिन्यात मन्रोने सोलापूर जिंकले व ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला.

सारांश, गोखल्यांच्या बलिदानाने बाजीरावाची सुटका झाली. परंतु छत्रपतींवाचून उरलेल्या पेशवेपदास राज्य टिकविणे शक्य नव्हते. आष्टीच्या लढाईचे मूल्यमापन मृतांच्या संख्येवरून न करता या सत्तांतराच्या संदर्भात करणे आवश्यक ठरते.