उमेदवारी कीं पदवी?

शाळा संपलेल्या मुलाला विद्यापीठांत घालावें कीं कारखान्यांत उमेदवारीला बसवावें, हा प्रश्न घरोघर पडतो. पण तो पडतो त्या वेळीं तराजूचीं दोन्हीं पारडीं सारखीं नसतात. एक आधींच खालीं गेलेलें असतें. असें कां झालें, याचें एक कारण जुन्या कायद्यांच्या पुस्तकांत सांपडतें.

१८५० सालीं कंपनी सरकारनें उमेदवारांविषयीं एक कायदा केला. दहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलाला बापानें अगर पालकानें करारानें एखाद्या धंद्यांत बांधून द्यावें, मुदत सात वर्षांहून अधिक नसावी, अशी त्यांत योजना होती. अनाथ आणि धर्मादायावर वाढलेल्या मुलांना पोटापुरता धंदा यावा, हा मुख्य हेतु होता. आईबापांनीं टाकलेल्या, किंवा उनाडपणा अथवा किरकोळ गुन्हा यांबद्दल दोषी ठरलेल्या मुलाच्या वतीनें मॅजिस्ट्रेटलाहि पालक होऊन असा करार करतां येई. हेतु दयेचा होता, यांत शंका नाहीं. परंतु कायद्याच्या त्या पानावर उमेदवारी अनाथांच्या आणि उनाडांच्या पंक्तीला जाऊन बसली. पुढें सातच वर्षांनीं मुंबई विद्यापीठ स्थापन झालें. १८५९ सालीं पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली, आणि १८६२ सालीं जे पहिले बी. ए. झाले त्यांत माधवराव रानडे व रामकृष्णपंत भांडारकर होते. एका दारावर मॅजिस्ट्रेट आणि दुसऱ्या दारावर रानडे-भांडारकर! कोणता बाप विचारांत पडेल?

पांढरपेशा घरांना उमेदवारी ठाऊकच नव्हती, असें मात्र नाहीं. कचेरींत बिनपगारी बसून जमाखर्च आणि पत्रव्यवहार शिकणारा मुलगा हाहि उमेदवारच म्हणवला जाई, व त्यांत कोणास कमीपणा वाटत नसे. लेखणीची उमेदवारी चालत होती. कानशीची चालत नव्हती.

दुसरी वाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले नाहींत, असेंहि नव्हे. १८८२ सालीं नेमलेल्या हंटर कमिशननें हायस्कुलाच्या वरच्या वर्गांना दोन फांट्या असाव्या, एक विद्यापीठाकडे जाणारी आणि दुसरी व्यवहाराच्या शिक्षणाची, अशी शिफारस केली. १८८७ सालीं मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. १८९० सालीं सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें प्रो. त्रिभुवनदास गज्जर यांनीं बडोद्यास कलाभवन उघडलें. तरी घरचे वडील मुलाला ढकलीत ते बहुधा पहिल्याच फांटीकडे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. त्यांचा जन्म १८६९ चा. शाळेच्या पुस्तकांत त्यांचें मन रमेना. ओढा चित्रांकडे आणि यंत्रांकडे. वडिलांना हें पसंत नव्हतें. थोरले बंधु रामूअण्णा पाठीशीं उभे राहिले, आणि १८८५ च्या सुमारास लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पण तेथें त्यांना कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत असें आढळलें, आणि चित्रकार होण्याची आशा संपली. येथें कित्येक घरांत 'सांगत होतों तें ऐकलें नाहीं' एवढेंच बोलणें उरलें असतें! लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, रेषा सोडली नाहीं. ते यंत्रांचें रेखाटन शिकले, त्याच बळावर व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले, आणि यंत्रविद्या त्यांनीं यंत्रें हाताळूनच मिळविली. पुढें बेळगांवास सायकलींचें दुकान, मग कडबा कापण्याचें यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळावर किर्लोस्करवाडी.

रामूअण्णांना भावाचें भविष्य दिसलें होतें, असें म्हणण्यास आधार नाहीं. त्यांनीं मुलाचा कल पाहिला आणि पाठबळ दिलें. हें पाठबळ फार महत्त्वाचें. नुसता उपदेश कोणीहि करतो. रस्ता चुकला तर दुसरा धरण्याइतकी सवड मुलाला देणारे थोडे.

तथापि एका लक्ष्मणरावांवरून कॉलेज टाकाऊ ठरत नाहीं. कानस हातांत धरून जन्मभर त्याच बांकापाशीं राहिलेल्यांचीं चरित्रें कोणी लिहिलीं नाहींत. आणि खुद्द लक्ष्मणरावांनीं आपले चिरंजीव शंतनुराव यांना अमेरिकेस मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत पाठविलें. ते १९२६ सालीं इंजिनियरची पदवी घेऊन परतले. पदवीवांचून कारखाना उभारणारा बाप मुलाला पदवीसाठीं समुद्रापार धाडतो, ही गोष्ट दोन्हीं पक्षांच्या वकिलांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मात्र वाडीच्या कारखान्यांत येऊन काम करणें शंतनुरावांना चुकलें नाहीं.

१८५० चा तो कायदा शंभराहून अधिक वर्षे टिकला. १९६१ सालीं स्वतंत्र भारतानें नवा कायदा करून तो रद्द केला. ठराविक उद्योगांनीं उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि त्यांना विद्यावेतन दिलें पाहिजे, असें नव्या कायद्यानें ठरविलें. सरकारी मराठींत या मुलांना शिकाऊ उमेदवार हें नांव मिळालें. १९७३ सालीं त्यांत दुरुस्ती झाली, आणि कॉलेजांतून पदवी घेऊन बाहेर पडलेला इंजिनियरहि त्याच कायद्याखालीं कारखान्याच्या दारांत शिकाऊ उमेदवार म्हणून आपलें नांव नोंदवूं लागला.