नाव कोणत्या यादीत?

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे इतिहासावरचा लेख मागितला. छत्तीसगडातल्या मराठी माणसाने इतिहास लिहायचा म्हणजे रतनपूरच्या बिंबाजी भोसल्यांपासून सुरुवात करायची, असा आपल्याकडे रिवाजच आहे. तो मोडल्याबद्दल आधीच क्षमा मागतो. मी लिहिणार आहे मतदार यादीबद्दल. विषय रुक्ष वाटेल, पण आयुष्यभर शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवूनही हा विषय मला उशिरा कळला. तोही एका विद्यार्थिनीमुळे.

गणेशोत्सवाच्या अंकात हा विषय अगदीच परका नाही. लोकमान्यांनी १८९३ मध्ये गणपती घरातून चौकात आणला, हे आपल्या मुलांना पाठ असते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९५ मध्ये, टिळक मुंबईच्या कायदे कौन्सिलवर निवडून गेले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांना निवडून देणारे कोण होते? स्थानिक मंडळांचे मूठभर सभासद. मांडवात जमणाऱ्या हजारोंपैकी जवळजवळ कोणालाच मत नव्हते. पुढे १९२० मध्ये, मृत्यूच्या काही महिने आधी, टिळकांनी आपल्या काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाचा जाहीरनामा काढला. त्यात शिक्षणाचा प्रसार आणि मताधिकाराचा प्रसार ही दोन्ही पक्षाची सर्वोत्तम शस्त्रे म्हणून शेजारी शेजारी ठेवली आहेत. त्या दोन गोष्टी एका वाक्यात बसवणे हे मला मास्तर म्हणून फार आवडते.

मात्र तेव्हा मत म्हणजे शेतसारा, कर किंवा शिक्षण यांच्या पात्रतेवर मिळणारी चीज होती. सरसकट सर्व प्रौढांना मत द्या, ही मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे मांडली. ज्याच्याकडे काही नाही त्यालाच मताची गरज अधिक, असा त्यांचा रोख होता. १९३५ च्या कायद्यानंतरही प्रौढांपैकी फार थोड्यांची नावे यादीत होती. आणि मग एकदम, घटनेच्या ३२६ व्या कलमाने, एकवीस वर्षांच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळाले. आपण हे वाक्य एका दमात वाचतो. परंतु कागदावर मत देणे वेगळे आणि यादीत नाव लिहिणे वेगळे. पहिली गोष्ट घटना समितीने केली. दुसरी दारोदार फिरणाऱ्या कारकुनांनी.

ते काम १९४७ च्या अखेरीस, घटना अजून लिहून व्हायची होती तेव्हाच सुरू झाले. नियम असा ठरत होता की, ज्या गावात माणूस किमान १८० दिवस राहिला त्या गावच्या यादीत त्याचे नाव. वरवर साधा नियम. पण फाळणीत घरदार सोडून आलेल्या लाखो माणसांनी १८० दिवस कुठे मोजायचे? दिल्ली, बंगाल, आसाममधल्या निर्वासितांच्या संघटनांनी घटना समितीच्या कचेरीला पत्रांमागून पत्रे लिहिली. शेवटी १९४८ मध्ये तोडगा निघाला. ‘मी यापुढे याच गावात कायम राहणार आहे’ असे निर्वासिताने नुसते लिहून दिले तरी पुरे, दिवस मोजू नयेत. देशाला अजून घटना नाही, माणसाला अजून छप्पर नाही, आणि तो यादीत नाव घालण्यासाठी भांडतो आहे! हा प्रसंग पाठ्यपुस्तकात का नाही, याचे मला नवल वाटते.

दुसरी अडचण बायकांच्या नावांची. आपल्याकडे बायका नवऱ्याचे नाव उखाण्यातच घेत. उत्तरेत परक्या माणसाला स्वतःचेच नाव सांगायची चोरी होती. कारकून दारात आला की उत्तर मिळे, अमक्याची बायको, तमक्याची आई. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे चालणार नाहीत असे ठरवले. नाव सांगा, नाहीतर यादीतून वगळू. सुमारे आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाखांची नावे अशी वगळली गेली, त्यांतली बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत आणि विंध्य प्रदेशातली. निर्णय कठोर होता आणि त्यावर टीकाही झाली. मला तो बरोबर वाटतो, पण पटवून घेताना आजही थोडे जड जाते. त्या २८ लाख जणींचा १९५२ चा हक्क तर गेलाच.

एवढे करून १७ कोटी ३२ लाख मतदारांची यादी तयार झाली. १९५१ च्या जनगणनेत साक्षर होते शंभरात जेमतेम अठरा. म्हणून प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. मत कसे द्यायचे हे दाखवणारा माहितीपट तीन हजारांवर चित्रपटगृहांतून दाखवला गेला. मतदारांना मतदान शिकवण्याचा एवढा मोठा वर्ग जगात त्याआधी कुठे भरला नसेल.

आपल्या दृष्टीने आणखी एक गंमत. त्या वेळी भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातले एक खेडे होते, आणि दुर्ग, रायपूर, नागपूर, अमरावती सगळे एकाच मध्य प्रदेशात. विधानसभा नागपुरात भरे, मुख्यमंत्री रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल. माझ्या आईने भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी पहिले मत टाकले आणि इथल्या कुणा शेतकऱ्याने इथे टाकले, ते एकाच विधानसभेसाठी. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्यामध्ये सीमा आली. भंडाऱ्याच्या १९५४ च्या पोटनिवडणुकीबद्दलही आई सांगत असे. तीत बाबासाहेब उभे होते आणि पडले. ज्यांनी सर्वांसाठी मत मागितले, त्यांना त्या मताने दोनदा हरवले, १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात. वर्गात हे सांगितले की मुले गप्प होत.

आता माझी गोष्ट. मी १९७४ मध्ये मास्तर म्हणून भिलाईला आलो. १९८८ च्या डिसेंबरात संसदेने एकसष्टावी घटनादुरुस्ती केली, २८ मार्च १९८९ पासून मतदानाचे वय २१ चे १८ झाले, आणि नोव्हेंबरात लोकसभेची निवडणूक लागली. बारावीची काही मुले अचानक मतदार! मी उत्साहाने शाळेत नकली निवडणूक घेतली. भाषणे, चिन्हे, पुठ्ठ्याची पेटी, सगळे साग्रसंगीत. ज्याने सामोसे वाटले तो निवडून आला. मुख्याध्यापक हसले, मी मात्र खट्टू झालो. अशा नाटकांतून मुले निवडणुकीचा गोंगाट शिकतात, निवडणूक नाही, असे माझे तेव्हापासूनचे मत आहे.

म्हणून दुसऱ्या वर्षी पद्धत बदलली. आमच्या सेक्टरच्या मतदार यादीची छापील प्रत मिळवली, पाने वाटून दिली आणि सांगितले, आपापल्या क्वार्टरचा नंबर शोधा आणि घरी जाऊन ताडून पाहा. आठवडाभरात काय काय निघाले! एकाचे आजोबा चार वर्षांपूर्वी वारले होते, यादीत होते. बदली होऊन बोकारोला गेलेले कुटुंब होते. बावीस वर्षांचा भाऊ नव्हता. आईचे वय मुलापेक्षा कमी. मुले हिरिरीने चुका टिपू लागली. आणि मग पहिल्या बाकावरच्या मुलीने अगदी सरळपणे विचारले, ‘‘सर, आपका नाम किस पन्ने पर है?’’

माझे नाव कुठल्याच पानावर नव्हते. ते गावच्या यादीत होते. सोळा वर्षे मी इथे पगार घेत होतो, इथले पाणी पीत होतो, इथल्या मुलांना मताधिकार शिकवत होतो, आणि इथे एकदाही मत दिले नव्हते. गावीही निवडणुकीच्या वेळी रजा मिळून जाणे दोनदाच जमले. मी वर्गात काहीतरी सारवासारव केली. मुलगी खाली बसली, पण तिच्या चेहऱ्यावर उत्तर मिळाल्याचे समाधान नव्हते.

मी इथला अर्ज भरला आणि गावचे नाव काढण्यासाठीही अर्ज दिला. दिवाळीत घरी गेलो तर आईला तलाठ्याकडून आधीच कळले होते. ती एवढेच म्हणाली, ‘‘नाव काढून टाकलंस? मग आता तू गावचा नाहीस का रे?’’ नागरिकशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात याचे उत्तर नाही. मी शेत, घर, कुलदैवत सगळे सांगून पाहिले. तिने भाकरी वाढली आणि विषय बदलला. १९९१ ला मी भिलाईत पहिले मत दिले, तेव्हा शाई लावलेले बोट पाहताना मला तिचाच प्रश्न आठवला.

हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अजून आहे, म्हणून कायदा काय म्हणतो ते सांगतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जिथे ‘सामान्यतः राहतो’ तिथे त्याचे नाव असावे. एखाद्या ठिकाणी नुसते घर मालकीचे आहे म्हणून तिथला मतदार होता येत नाही. पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, आणि खोटे निवेदन केल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. उलट, काही दिवस बाहेरगावी गेल्याने राहत्या ठिकाणचा हक्क जात नाही.

कॉलेजात शिकणाऱ्या मुलांसाठी निवडणूक आयोगाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. आईवडिलांच्या घरी नाव ठेवा किंवा संस्थेचा दाखला घेऊन वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवा, मात्र एकाच ठिकाणी. पूर्वी १ जानेवारीला अठरा पूर्ण असेल तरच नोंद होई. २ जानेवारीला जन्मलेला वर्षभर बसून राही. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर यांची पहिली तारीख अशा चार संधी आहेत आणि सतरा पूर्ण होताच आगाऊ अर्ज करता येतो. एवढे करूनही २०२४ च्या लोकसभेच्या वेळी ९६ कोटी ८८ लाखांच्या यादीत अठरा-एकोणीस वर्षांचे होते सुमारे १ कोटी ८० लाख. शंभरात दोनसुद्धा नाहीत. या तरुण देशात त्या वयाची मुले यापेक्षा कितीतरी अधिक आहेत.

आमच्या गल्लीत हे डोळ्यांनी दिसले. २०२५ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडसह बारा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत यादीचे विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झाले आणि बूथ अधिकारी फॉर्म घेऊन दारोदार आले. घरटी एक मुलगा किंवा मुलगी बाहेर: पुणे, बंगळुरू, हैदराबाद, कोटा. ‘‘बेटा कहाँ है?’’ या साध्या प्रश्नावर आईबाप एकमेकांकडे बघत. मुलाचे नाव इथे ठेवायचे की तिथे घालायचे, याचा विचार कोणी केलाच नव्हता. निर्वासितांची १८० दिवसांची अडचण आता वसतिगृहाच्या खोलीत येऊन बसली आहे. फरक इतकाच की त्या माणसांनी पत्रे लिहिली होती.

नाव आले तरी पुढचा प्रश्न उरतो, मत कशाच्या आधारे द्यायचे? तिथेही मास्तर मंडळींनीच एक दार उघडले, हे सांगताना मला किंचित अभिमान वाटतो. अहमदाबादच्या आयआयएमच्या काही प्राध्यापकांनी १९९९ मध्ये असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढून दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. उमेदवारावर कोणते खटले आहेत, मालमत्ता किती, शिक्षण काय, हे मतदाराला कळले पाहिजे. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. संसदेने कायदा करून ते पातळ केले, तेव्हा १३ मार्च २००३ च्या निकालाने न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र कोणालाही वाचता येते. निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे मी नकली निवडणुकीऐवजी हीच शपथपत्रे वर्गात वाचायला देत असे, पक्षाचे नाव झाकून. मुले आपापसांत जी चर्चा करीत ती ऐकून सामोशांचे दुःख मी विसरलो.

यंदा आरतीनंतर मांडवात एक टेबल ठेवावे आणि सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचे अर्ज भरून घ्यावेत, असे मी मंडळाला सुचवले आहे. सुट्टीला आलेली मुले दोन दिवसच असतात, म्हणून पालकांनी जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा आधी काढून ठेवला तर बरे.

माझी नात बंगळुरूला शिकते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला, ‘‘आजोबा, पत्ता कोणता लिहू?’’ मी म्हटले, दोन्ही चालतात, तुझे तू ठरव. ती म्हणाली, हॉस्टेलला आठवड्यातून तीनदा टँकर येतो, त्याबद्दल विचारायचे ते तिथल्याच माणसाला विचारावे लागणार. मग थांबून म्हणाली, ‘‘पण बाबांना वाईट वाटेल ना?’’ मी तिला पणजीचा किस्सा सांगितला. दोन दिवसांनी तिने भरलेल्या अर्जाचा फोटो पाठवला. वसतिगृहाचा पत्ता होता. जुन्या सवयीने मी आधी नाव तपासले. आडनावात एक अक्षर चुकले होते. ते तेवढे दुरुस्त करून मगच पाठव, असे तिला कळवले.