शेजारचा बोलका प्रेक्षक

चित्रपटगृहात शेजारच्या खुर्चीवर बसून पुढची कथा आधीच सांगून टाकणाऱ्या माणसाचा राग येत नाही, असा प्रेक्षक विरळाच. मलाही येतो. अलीकडे त्यात मोबाइलच्या उजेडाची भर पडली आहे. अंधारात तो निळसर चौकोन पेटला की पडद्यावरचा नायक मरतो आहे की लग्न करतो आहे, याचे भान राहत नाही! पण या बडबड्या शेजाऱ्याची वंशावळ शोधावयास बसलो, तेव्हा त्याचे पूर्वज भलतेच उपयोगी गृहस्थ निघाले.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे प्रथम दाखविली गेली. तिकीट एक रुपया. गिरणी कामगाराने तिकडे फिरकू नये, एवढा तो दर पुरेसा होता. पुढे त्याच महिन्यात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले, दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत लागले आणि पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळ्या जागा राखल्या गेल्या. चार आण्यांचे दार उघडले, तसा आपला प्रेक्षक आत आला. आणि येताना नाटक-तमाशाच्या सवयी बरोबर घेऊन आला. संगीत नाटकात आवडत्या पदाला ‘वन्स मोअर’ देणे हा त्याचा हक्कच. टाळी, शिट्टी, शेरा हे सारे तिकिटाच्या पैशांतच आले, अशी त्याची समजूत. पडद्यावरच्या सावलीला काही ऐकू येत नाही, हे त्याला कुणी सांगावे?

३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. मूकपटात पात्रे नुसते ओठ हलवीत आणि मध्येच अक्षरांची पाटी येई. आता १९११ च्या शिरगणतीप्रमाणे देशात शंभरांत जेमतेम सहा माणसे साक्षर! मुंबईत थोडी अधिक धरा. तरी स्वस्त बाकांवर पाटी वाचू शकणारा एखादाच. तो ती मोठ्याने वाची. शेजारी विचारी, “काय म्हणते हो तारामती?” तो सांगे, ते मागच्या रांगेत पोचे, तिथून आणखी मागे. पडद्याजवळ तबला-पेटी चाललेली असे, तिच्यावरून आवाज चढवावा लागे तो वेगळाच. ज्याला वाचता येई त्याला हा कालवा उपद्रव वाटला असेल. ज्याला येत नसे, त्याची निम्मी गोष्ट त्या कालव्यातच होती. माझा कल, खरे सांगावयाचे तर, या दुसऱ्याकडे आहे.

आणि हे उपद्रव केवळ आपल्याच देशातले, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत त्या काळी बायकांच्या टोप्या हे मोठेच संकट होते. पिसे, फुले, जाळी यांनी लादलेल्या त्या टोप्यांमागे बसणाऱ्याला पडदा दिसेना. ग्रिफिथ या दिग्दर्शकाने १९०९ साली त्यावर तीन मिनिटांचा एक चित्रपटच काढला. त्यात वरून एक यंत्र खाली येते, टोपी उचलून नेते आणि शेवटी एका बाईलाही टोपीसकट उचलते! इतका जालीम उपाय आपल्याकडे कुणाला सुचला नाही. मोबाइलवाल्यांसाठी अजूनही सुचावयास हरकत नाही.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’ लागला. गर्दी आवरावयास पोलीस बोलवावे लागले. पुढच्याच वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि हरिश्चंद्र-तारामती मराठीत बोलू लागली. आता ऐकावयाचे तर गप्प बसणे भाग होते. इतकी वर्षे जो आवाज सोयीचा होता, तो ‘त्रास’ झाला तो इथे.

बोलपटांनी पडद्याजवळच्या तबलजी-पेटीवाल्यांचे काम गेले, याची नोंद इतिहासकारांनी घेतली आहे. पाटी वाचून दाखविणाऱ्याला पगारच नव्हता. तेव्हा त्याचेही काम गेले, हे कुणी त्याला कळविलेच नाही. तो आपला बोलतच राहिला.