पवनारचे ब्रह्मविद्या मंदिर

मे १९६० मध्ये विनोबा भिंड-मुरैन्याच्या दऱ्याखोऱ्यांतून पायी हिंडत होते आणि बागी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवीत होते, हे आपणां ग्वाल्हेरकरांस ठाऊक आहे. त्याच वेळी वर्ध्यानजीक, धाम नदीच्या काठी, त्यांचा दुसरा प्रयोग त्यांच्या गैरहजेरीत चालू होता. आमच्या मते तोच अधिक कठीण.

२५ मार्च १९५९ रोजी पवनारच्या आश्रमात ब्रह्मविद्या मंदिर स्थापन झाले, ते मुख्यतः स्त्रियांच्या सामूहिक साधनेसाठी. मुक्ताबाई-जनाबाईंची नावे आपण आदराने घेतो खरी, परंतु आजन्म ब्रह्मचर्य आणि ब्रह्मविद्या ही पुरुषांचीच मिरास मानली गेली होती. येथे भगिनींनी शेती, सूतकताई, स्वयंपाक, सफाई सारे स्वतः केले. 'मैत्री' मासिकही चालविले. आश्रमास प्रमुख नाही. निर्णय सर्वसंमतीने व्हावा, बहुमताने नव्हे, हा दंडक. रोजच्या संसारात तो पाळणे किती जिकिरीचे, हे एकत्र कुटुंबात वाढलेल्यांस सांगावयास नको!

विनोबा पवनारला परतले ते १९६४ मध्ये. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. त्यांच्या जागी कोणासही बसविले गेले नाही.