उंट, केळी आणि कंठलंगोट

नवे शब्द घडवले की लोक टिंगल करणार, हे रघुनाथपंत हणमंत्यांना पक्कं ठाऊक होतं. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध केला. दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा हा कोश श्लोकबद्ध आहे, आणि टीकाकारांना त्यात आधीच चिमटा काढून ठेवलाय: जाणत्यांनी मानलेल्या कामाची अडाण्यांनी चेष्टा केली तर बिघडलं काय, उंटाला कधी केळ्याची गोडी कळते का!

उंटांनी मात्र आपलंच खरं केलं. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव झाला. पण मुख्यप्रधान कागदावरच राहिला आणि पुढे शनिवारवाड्यात नांदला तो पेशवाच.

विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची मोहीम काढली. महापौर, दिनांक, दिग्दर्शक असे कितीतरी शब्द त्यांच्या नावावर सांगितले जातात. फारसीचे प्राध्यापक आणि १९२५च्या फारसी-मराठी कोशाचे कर्ते माधव जूलियन हेही आधी फारसी शब्दांत रमले, मग १९३८मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून शुद्धीच्या बाजूला गेले. टोपणनावातला जूलियन मात्र तेवढा शुद्धीतून सुटला.

थट्टेखोरांना तर पर्वणीच! टायला कंठलंगोट, सिगारेटला धूम्रदंडिका आणि रेल्वेच्या सिग्नलला अग्निरथ-गमनागमन-सूचक-लोहपट्टिका. शेवटचा शब्द पुरा उच्चारेपर्यंत गाडी पुढच्या स्टेशनात पोचायची. गंमत अशी की हे टवाळ शब्द व्याकरणात कुठेच चुकत नाहीत. संधी चोख, समास चोख. महापौर ज्या साच्यातून निघाला त्याच साच्यातून कंठलंगोटही निघाला. एक पालिकेच्या खुर्चीत बसला, दुसरा विनोदातच लोंबकळत राहिला. १९६०नंतर शासनाच्या भाषा संचालनालयाने ‘पदनाम कोश’ काढला, तेव्हा एका अक्षराच्या फेरफाराने त्याचा ‘बदनाम कोश’ झाला. त्यातली अधीक्षक, संचालक ही पदं आज शिपाईसुद्धा बिनदिक्कत उच्चारतो.

आणि ज्यांनी कुठलाच कोश उघडला नाही, त्यांचं काय? १८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला रेल्वे धावली. अग्निरथाची वाट न पाहता लोक तिला आगगाडी म्हणू लागले, खेड्यापाड्यांत आगीनगाडी. पुढे मोटारसायकल आली, तेव्हा तर धातू, प्रत्यय काहीच लागलं नाही. इंजिनाचा आवाज ऐकला आणि नाव ठेवलं: फटफटी.