१७ सप्टेंबरच्या अलीकडे, पलीकडे

दरवर्षी प्रकल्पांचे दिवस आले की आमच्यापुढे एकच शीर्षक येते : ‘हैदराबाद मुक्तिसंग्रामात परभणी जिल्ह्याचे योगदान’. आरंभी स्वामी रामानंद तीर्थांचे छायाचित्र, अखेरीस १७ सप्टेंबर १९४८, आणि मधला मजकूर बहुधा आदल्या वर्षीच्या प्रकल्पातला. मुलांना दोष द्यावा असे आम्हाला वाटत नाही. ‘योगदान’ म्हटले की उत्तर आधीच ठरलेले असते. शोधायचे काय उरते?

मागे जिंतूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी हाच विषय घेऊन आली. आम्ही एवढेच विचारले, की त्या वर्षी तुमच्या घरची माणसे कुठे होती? आठवड्याने ती सांगत आली : पुरुष मंडळी सरहद्द ओलांडून वऱ्हाडात गेली, पणजी मात्र गुराढोरांपाशी थांबली. वऱ्हाड तेव्हा भारतात होते, जिंतूर निजामाच्या अमलाखाली. उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांविषयी बरेच लिहिले गेले आहे. मागे राहिलेल्यांविषयी फार थोडे. तिचा विषय तिथेच सापडला : १९४७-४८ मध्ये गावात कोण राहिले, आणि कसे?

राहिलेल्यांत मुसलमान शेजारीही होते. १३ सप्टेंबरला पोलीस ॲक्शन सुरू झाली, पाच दिवसांत संस्थान शरण आले. पुढच्या आठवड्यांत त्या शेजाऱ्यांचे काय झाले? नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत तिने शेजारच्या नांदेडचे नाव घेतले. रझाकारांचे अत्याचार लिहिणाऱ्या मुलीने हेही लिहावे काय, यावर आमच्यात मतभेद झाले. गावातले संबंध बिघडतील ही एका सहकाऱ्यांची भीती पोकळ नव्हती. अखेर, लिहावे पण नावे बदलून, असे ठरले.

खरी अडचण कागदांची. निजामी अमलातले दप्तर उर्दूत, आणि आमच्यापैकी कुणालाच ती लिपी येत नाही! (मराठवाड्याचा इतिहास शिकवणाऱ्यांनी हे कबूल केलेले बरे.) उर्दू शाळेतल्या एका गुरुजींनी दोन रविवार बसून वाचून दाखवले.

पणजी हयात नव्हती. आजी तेव्हा सहा वर्षांची. म्हणून तिच्या प्रत्येक आठवणीपुढे आम्ही ‘पाहिलेले’ की ‘ऐकलेले’ हे लिहवून घेतले. बहुतेक ठिकाणी ‘ऐकलेले’ आले. अंधारात दार लावून घेतल्याच्या आठवणीपुढे मात्र ‘पाहिलेले’ असे होते.