अपुऱ्या दिवसांची बाळे

सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यातले जगत नाही, अशी एक समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहून जाते, ही दुसरी. पहिलीला शरीरशास्त्राचा आधार नाही. गर्भाशयात जितके दिवस अधिक, तितकी जगण्याची शक्यता अधिक. दुसरीच्या मागे मात्र अनुभव आहे. अर्भकाचे पहिले काही दिवसच सर्वांत धोक्याचे, हे आपल्या आज्यापणज्या जाणून होत्या. वीतभर जीव गेला, तर ‘सटवाईने एवढेच लिहिले होते’ असे म्हणून आईचे सांत्वन करता येई. परंतु त्याच वाक्यापाशी पुढचा विचारही थांबे. तो पुन्हा सुरू झाला त्याला जेमतेम दीडशे वर्षे झाली आहेत, आणि त्या इतिहासाची काही पाने महाराष्ट्रात लिहिली गेली आहेत.

आरंभ पॅरिसचा. प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए यांनी अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि १८८० च्या सुमारास तशीच ऊबदार पेटी आपल्या सूतिकागृहात अर्भकांसाठी करून घेतली. दोन किलोंहून कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू तेथे शेकडा ६६ होते, ते ३८ वर आले. त्यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी त्यात एक मोलाची भर घातली. नुसती ऊब पुरत नाही. आईचे दूध हवे आणि आई जवळ हवी, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. पुढे पेटी जगभर गेली, आग्रह मागे राहिला. अमेरिकेत तर मार्टिन कूनी यांनी कोनी आयलंडच्या जत्रेत १९०३ पासून १९४३ पर्यंत तिकीट लावून काचेआडची बाळे दाखवली. त्यांनी पुष्कळ जीव वाचवले आणि आईबापांकडून पैसाही घेतला नाही. पण पुढे इस्पितळांतूनही जंतूंच्या भीतीने आई काचेच्या बाहेरच उभी राहिली.

यंत्राचा हात कधी कधी किती जड पडतो, हेही लवकरच कळले. १९४२ साली बोस्टनचे नेत्रवैद्य टेरी यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांमधील एका नव्या अंधत्वाची नोंद केली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी बोट ठेवले ते पेटीत सढळ हाताने सोडल्या जाणाऱ्या प्राणवायूवर, आणि काही वर्षांतच अमेरिकेतील तुलनात्मक पाहणीने त्याला दुजोरा दिला. तोवर जगभरात सुमारे दहा हजार मुलांची दृष्टी गेली होती. जीव वाचला की काम संपले, हा समज तेथे कायमचा मोडला.

श्वासाचे कोडे मात्र उरले होते. फुप्फुसाला फुगते ठेवणारा एक स्निग्ध द्रव या बाळांत तयारच झालेला नसतो, हे १९५९ साली मेरी एलन एव्हरी यांनी दाखवले. तरी १९६३ च्या ऑगस्टात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा, केनेडींचा, मुलगा याच व्याधीने दोन दिवसांच्या आतच गेला. तो साडेपाच आठवडे आधी जन्मला होता आणि त्याचे वजन दोन किलोंहून थोडे जास्तच होते! १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड देऊन बाळाचे फुप्फुस पक्व करता येते हे सिद्ध केले. १९८० मध्ये जपानच्या फुजिवारांनी तो स्निग्ध द्रव बाहेरून देऊन दाखवला.

हे ज्ञान आपल्याकडे पोचले, पण त्याबरोबरचा पैसा आणि मनुष्यबळ पोचले नाही. अंबरनाथच्या बुवापाड्यावरून निघालेली बाई मध्य रेल्वेच्या लोकलने ज्या शीवला उतरते, तेथील महापालिकेच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्यापुढे हाच प्रश्न होता. बाळे जंतुसंसर्गाने जात होती. त्यांनी बाटली आणि डब्याचे दूध बंद केले, आयांना कक्षात घेतले, आणि १९८९ साली तेथे मातृदुग्धपेढी काढली. आशियातील ती पहिली. ब्यूदँचा जुना आग्रह धारावीच्या शेजारी पुन्हा उभा राहिला.

इस्पितळच जवळ नाही, तेथे काय? गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना बाळाचे वजन करणे, श्वास मोजणे, उबेत ठेवणे, पाजण्यास मदत करणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. शेजारच्या गावांशी तुलना करता नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने घटले होते.

आणि जगलेल्यांचे पुढे काय झाले, हे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने पाहिले. १९८७ ते १९८९ मधील दोन किलोंखालच्या बाळांचा मागोवा तेथील डॉक्टरांनी ती अठरा वर्षांची होईपर्यंत घेतला. बहुतेकांची बुद्धी सामान्य मर्यादेतच होती, पण समवयस्कांहून सरासरीने थोडी कमी. गणितासारख्या विषयांत अडचण अधिक. म्हणजे अशा मुलाचे बारसे झाले तरी त्याच्या शाळेपर्यंत कोणी तरी त्याचा हात धरून ठेवला पाहिजे.

आई पुरेशी आहे, यंत्र नको, असा याचा अर्थ कोणी काढू नये. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला श्वासासाठी यंत्र आणि औषध लागतेच. श्रीमंत देशांत अशी दहातील नऊहून अधिक बाळे पहिले दिवस पार करतात. गरीब देशांत तितकीच त्या दिवसांत जातात. परंतु बोगोट्याच्या डॉक्टरांनी १९७८ साली पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधले, तो नाइलाज नव्हता, उपचारच होता, हे पुढे ठरले. भारतासह पाच देशांतील पाहणीने २०२१ मध्ये दाखवले की, एक किलोपासून १.८ किलोंपर्यंतच्या बाळांना जन्मताच असे आईशी ठेवले, तर मृत्यू चतुर्थांशाने घटतात.

सटवाईची लेखणी कोणी हिसकावून घेतलेली नाही. पण बुवापाड्यावरच्या बाळाच्या आणि पॅरिसच्या बाळाच्या कपाळी ती वेगळे लिहीत असेल, तर तो हिशेब देवीकडे मागण्यात अर्थ नाही.